सत्तावन्न सालची वही

दिवाळीत पेढीवर नवी वही पुजली जाते, आणि ती पुजण्यापूर्वी जुनी मिटवावी लागते. कुणाकडून किती येणे, कुणाचे किती देणे, याचा एकदा निकाल लागल्यावाचून नव्या पानावर कुंकवाची बोटे उमटत नाहीत. सिनेमाच्या शौकिनालाही असा हिशेब अधूनमधून मांडावासा वाटतो. एखाद्या वर्षी पडद्यावर काय काय आले, त्यातले डोक्यात किती राहिले, मनात किती राहिले आणि तिकिटाच्या पैशांबरोबर किती निघून गेले, हे त्याला स्वतःशी पडताळून पाहायचे असते.

हा हिशेब मांडण्यापूर्वी एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. श्रेष्ठ चित्रपट आणि आवडता चित्रपट ही दोन निरनिराळी खाती आहेत. श्रेष्ठ कोणता, हे ठरवायला पंचमंडळी बसतात, पदके देतात, मानपत्रे वाचतात. आणि बहुतेक वेळा ती मंडळी योग्य तेच करतात. आवडीला मात्र असा पंच चालत नाही. तिथे जामीन आपला आपणच राहायचे. घरात पाच माणसे असतील तर आवडीच्या पाच याद्या निघाव्यात आणि फराळाच्या ताटाभोवती त्यांवर चांगली तासभर हुज्जत पडावी, यातच खरी मौज आहे. त्या हुज्जतीसाठी माझी यादी मी पुढे ठेवतो.

मी निवडलेले वर्ष आहे १९५७. हिंदी चित्रपटाच्या इतिहासात इतके भरलेले वर्ष क्वचितच सापडेल. स्वातंत्र्याला दहा वर्षे झाली होती. त्याच वर्षी १ एप्रिलपासून आणे-पै जाऊन दशमान नाणी आली. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि घरोघर गृहिणी बोटांवर नवा हिशेब करू लागल्या. देशाचाही हिशेब चालूच होता. दहा वर्षांपूर्वी जे कबूल केले होते, त्यातले पदरात किती पडले? हा प्रश्न त्या वर्षीच्या चित्रपटांनीही विचारला. योगायोग असा, की त्यातल्या मोठ्या चित्रपटांनी तो जवळजवळ एकाच शब्दाभोवती विचारला. तो शब्द म्हणजे पत. कुणी कुणावर भरवसा टाकावा, काय तारण ठेवून टाकावा, आणि ज्याच्यापाशी तारण ठेवायला काहीच नाही त्याने काय करावे, हा या सगळ्या चित्रपटांचा विषय आहे. माझी यादीही मी याच कसोटीवर लावली आहे.

मुख्य पानांकडे वळण्यापूर्वी चिवड्या-शंकरपाळ्यांची नोंद करतो, कारण त्यांच्याशिवाय दिवाळी नाही. १९५७ साली विजय आनंद यांनी 'नौ दो ग्यारह' हा आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला आणि देव आनंद-कल्पना कार्तिक या जोडीला प्रवासाच्या धमालीत सोडून दिले. नासिर हुसेन यांनीही 'तुमसा नहीं देखा' याच वर्षी केला. दिग्दर्शक म्हणून तोही त्यांचा पहिलाच, आणि त्याने शम्मी कपूर नावाचे वादळ मोकळे केले. 'आशा'मध्ये किशोरकुमारने आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चालीवर असा काही धुमाकूळ घातला, की अर्थ नसलेल्या शब्दांनाही ठेका असला तर पत मिळते, हे सिद्ध झाले! या चित्रपटांवर माझे प्रेम आहे. पण ते रोखीचे व्यवहार होते. तिकिटाचे पैसे दिले, आनंद घेतला, हिशेब मिटला. उधारी मागे राहते ती पुढच्या पाचांची.

पाचव्या स्थानावर मी ठेवतो 'मदर इंडिया'. हे वाचून काही घरांत मासिक खाली ठेवले जाईल, याची मला कल्पना आहे. २५ ऑक्टोबर १९५७ रोजी, दिवाळीच्याच दिवसांत, मेहबूब खान यांचा हा चित्रपट प्रदर्शित झाला. ऑस्करच्या परभाषी चित्रपटांच्या विभागात नामांकन मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट. स्वतःच्याच १९४० सालच्या 'औरत'ची कथा मेहबूबांनी रंगांत पुन्हा सांगितली. छायालेखक फरेदून इराणी दोन्ही वेळा तेच, आणि सावकार सुखीलालाची भूमिकाही दोन्ही वेळा कन्हैयालाल यांनीच केली.

पतीची गोष्ट म्हणून पाहिले तर हा पाचांतला सर्वांत उघड चित्रपट आहे. लग्नासाठी सासूने काढलेले पाचशे रुपये, त्याच्या व्याजापायी पिकाचे तीन हिस्से सावकाराच्या घरात, आणि ज्या वहीत हे सारे लिहिले आहे ती वाचता येणारा दुसरा कुणी गावात नाही. कन्हैयालाल यांचा सुखीलाला आवाज चढवत नाही, अंगावर धावून जात नाही. तो नम्रपणे हसतो आणि वही उघडतो. हिंदी पडद्यावर इतका खरा सावकार क्वचितच दिसला असेल. धाकटा बिरजू अखेर त्या वह्या जाळतो. पण कागद जळला म्हणून कर्ज फिटत नाही. ते फेडते राधा, आणि तेही स्वतःच्या मुलाला गोळी घालून. ज्या सावकाराने तिला लुबाडले त्याच्याच मुलीची अब्रू ती राखते, कारण अब्रू साऱ्या गावाची असते.

हे भव्य आहे, यात शंका नाही. नर्गिसच्या अभिनयापुढे मी नतमस्तक आहे. पण अडचण नेमकी तिथेच येते. या चित्रपटापुढे मला नतमस्तकच व्हावे लागते, त्याच्याशेजारी बसता येत नाही. चिखलाने माखलेली राधा सावकाराच्या घरात देवीच्या मूर्तीसमोर उभी राहून तिलाच जाब विचारते, त्या प्रसंगात ती रक्तामांसाची बाई आहे. पुढे मात्र दिग्दर्शक हळूहळू तिचीच मूर्ती करत जातो. नांगर खांद्यावर घेतलेली राधा चित्रफलकासारखी आकाशासमोर उभी राहते. मूर्तीचे पाय शिवावेत. तिच्याशी सुखदुःखाच्या चार गोष्टी बोलता येत नाहीत. म्हणून श्रेष्ठतेच्या खात्यात पहिल्या पानावर असलेला हा चित्रपट आवडीच्या खात्यात मागे पडतो.

चौथा 'नया दौर'. बी. आर. चोप्रांच्या या चित्रपटाला ओ. पी. नय्यर यांचे संगीत आहे, आणि त्यातला घोड्याच्या टापांचा ठेका कानांत अजून वाजतो. टांगेवाल्यांच्या गावात शेठजींचा मुलगा आधी लाकूडकापणीचे यंत्र आणतो आणि मग बस आणतो. कारागीर आणि टांगेवाले दोघांचीही भाकरी जाते. दिलीपकुमारचा शंकर पैज घेतो, की आपला टांगा बसच्या आधी पोचेल.

आता व्यवहारी माणूस लगेच विचारील, की अहो, टांगा एकदा जिंकला म्हणून काय झाले? दुसऱ्या दिवशी सकाळी बस पुन्हा सुटणारच! प्रश्न अगदी रास्त आहे, आणि चित्रपटापाशी त्याला पुरते उत्तर नाही. शर्यतीचा शेवट पाहताना आपण खुर्चीच्या कडेवर येतो खरे. पण घरी परतताना डोक्यात बसचेच गणित घोळत राहते. तरीही हा चित्रपट मला आवडतो, तो शर्यतीमुळे नव्हे, तर तिच्या आधी जो रस्ता बांधला जातो त्यामुळे. टांग्याला जवळची वाट हवी, म्हणून लोक माती उचलू लागतात. सुरुवातीला सारा गाव शंकरला वेड्यात काढतो. त्याच्यापाशी तारण म्हणून एक शब्द तेवढा आहे. त्या शब्दावर आधी दोघे-तिघे येतात, मग दहा येतात, मग बायकापोरे येतात. साहिर लुधियानवींनी त्या श्रमासाठी लिहिलेले समूहगीत आजही कुठल्याही श्रमदानाच्या शिबिरात ऐकू येते. गाव आपल्याच माणसावर पत टाकते, तो हा क्षण. शर्यत ही त्या व्यवहाराची नुसती पावती आहे.

तिसरा चित्रपट पुष्कळांच्या यादीत सापडणार नाही. हृषिकेश मुखर्जी यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'मुसाफिर'. बिमल रॉय यांच्याकडे संकलन करणाऱ्या या गृहस्थाने पदार्पणासाठी एखादा हमखास चालणारा मसाला निवडायचा सोडून एक भाड्याचे घर निवडले. पटकथेच्या लेखनात ऋत्विक घटक सोबतीला होते. एका घरात एकामागून एक तीन बिऱ्हाडे येतात. पहिल्या कथेत लग्न, दुसऱ्या कथेत जन्म आणि तिसऱ्या कथेत मृत्यू. बिऱ्हाड गेले की घरमालक पुन्हा 'घर भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावतो. चित्रपटाचा सारा सांगाडा एवढाच.

पण त्या सांगाड्यात किती जीव आहे! डेव्हिड यांचा घरमालक चौकश्या करतो, अटी सांगतो, पण दार उघडतो. परक्या माणसाला आपले छप्पर द्यायचे, ही रोजची आणि सर्वांत जुनी पत आहे. ज्याने कधी मुंबई-पुण्यात बिऱ्हाड शोधले असेल, पागडीच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्याला ती समजावून सांगायला नको. पहिल्या दोन कथांत शेजारातून व्हायोलिनचे सूर येत राहतात. वाजवणाऱ्याला सारे वेडा म्हणतात. तिसऱ्या कथेत तो आपल्यासमोर येतो आणि तो असतो दिलीपकुमार. समोर आपल्या उषा किरण आहेत. दोघांनीही आवाज खाली ठेवून जे काम केले आहे, ते पाहताना आपण शेजारच्या घरात चोरून डोकावतो आहोत, असे वाटते. सलील चौधरींच्या संगीतात दिलीपकुमारने लता मंगेशकरांबरोबर स्वतः गायिलेले गाणेही याच चित्रपटात आहे. चित्रपट काहीसा विस्कळीत आहे. तीन कथांची वजने सारखी नाहीत. दुसरी कथा मध्येच सैल पडते. पण पुढे ज्या हृषिदांनी मध्यमवर्गीय घराला पडद्यावर हक्काची जागा दिली, त्यांची पहिली वीट इथे ठेवलेली दिसते. पहिल्या विटेवर माणसाचे थोडे अधिक प्रेम असायचेच.

दुसऱ्या स्थानावर 'दो आँखें बारह हाथ'. हा चित्रपट आपला आहे, म्हणून त्याच्याबद्दल थोडे परखड बोलण्याचा हक्कही आपला आहे. कथा ग. दि. माडगूळकरांची. तिचे मूळ औंध संस्थानातले आहे. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतीविना ठेवण्याचा प्रयोग झाला. पंतप्रतिनिधींच्या त्या छोट्या संस्थानात मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाने तो सुचवला आणि उभा केला. माडगूळकरांचे शेटफळे त्याच मुलखातले. म्हणजे ही कल्पना पुस्तकातून उचललेली नव्हती, ती घराशेजारच्या माळावरची होती.

आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी माणसांना तुरुंगाबाहेर काढतो आणि एका ओसाड जागी शेती करायला लावतो. तारण काय? काहीही नाही. सुखीलालाच्या वहीच्या अगदी समोर ठेवावे असे हे पान आहे. तिथे जमीन, बैल, पीक सगळे लिहून घेऊनही माणसावर भरवसा नाही. इथे खुनाचा शिक्का असलेल्या माणसावर नुसत्या शब्दावर भरवसा. ते सहाजण एका रात्री पळून जातात आणि परत येतात, कारण त्या दोन डोळ्यांची आठवण त्यांना पुढे जाऊ देत नाही. त्यांनी पिकवलेली भाजी बाजारात स्वस्त विकली जाते तेव्हा व्यापाऱ्याच्या पोटात दुखू लागते. माणसे सुधारली याचे कुणाला फारसे सुख नसते; भाव पडल्याचे दुःख मात्र तात्काळ होते! समाजाचे इतके अचूक निदान त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या चित्रपटाने केले नाही.

'झनक झनक पायल बाजे'च्या झगझगीत रंगांनंतर शांतारामबापू पुन्हा काळ्यापांढऱ्याकडे वळले, हेही या विषयाला साजेसेच झाले. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, १९५८ साली बर्लिनचे रौप्य अस्वल, असे मानसन्मान मिळाले ते उगाच नव्हे. वसंत देसाईंच्या चालीतली त्यातली प्रार्थना महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांनी आपली म्हणून उचलली.

मग पहिला क्रमांक का नाही? सांगतो. या चित्रपटातला जेलर सहा खुन्यांवर जेवढा विश्वास टाकतो, तेवढा त्याचा दिग्दर्शक प्रेक्षकांवर टाकत नाही. डोळ्यांचा अर्थ आपल्याला एकदा कळलेला असतो. तरी ते डोळे पुन्हा दाखवले जातात, पुन्हा मोठे केले जातात, आणि शेवटी आकाशात चढवले जातात. संध्याबाईंची खेळणीवाली चंपा या पुरुषांच्या माळावर ओलावा आणते खरी. पण तिच्या नाचगाण्याने तो ओलावा मधूनमधून फार वाढतो. आपल्या प्रेक्षकाला सूचना पुरेल की नाही, ही धाकधूक शांतारामबापूंना अखेरपर्यंत सोडत नाही. ज्याची सारी गोष्ट भरवशाची आहे, त्या चित्रपटाने आपल्याकडून मात्र जामीन मागावा, हे मनाला थोडे लागते. आपल्या माणसाचे लागते तसे लागते, आणि म्हणूनच माया कमी होत नाही.

आणि पहिला? गुरुदत्तांचा 'प्यासा'.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण ठाऊक आहे. विजय हा कवी स्वतःच्या दुःखावर जरा अधिकच प्रेम करतो. जग वाईट, भाऊ वाईट, प्रकाशक वाईट, प्रेयसीने श्रीमंताशी लग्न केले तीही वाईट, आणि मध्ये हा एकटा निर्मळ. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील, 'एवढी तहान लागली होती तर एखादी नोकरी धरायची होती!' हा आक्षेप मी खोडून काढणार नाही. विजयमध्ये आत्मकरुणा आहे. 'प्यासा' मला विजयसाठी आवडत नाहीच. तो आवडतो गुलाबोसाठी.

जरा पाहा. विजयच्या भावांनी त्याच्या कविता रद्दीत विकलेल्या असतात. ती रद्दी गुलाबोच्या हाती पडते. ही बाजारात बसणारी बाई. तिची स्वतःची पत जगाच्या लेखी शून्य. कवी कोण, जिवंत की मेलेला, नामवंत की भिकारी, तिला काहीच माहीत नाही. तिने शब्द वाचले आणि ते खरे मानले. पुढे तो कवी म्हणजे आपण नुकताच हाकलून दिलेला कफल्लक माणूस, हे तिला कळते. विजय मेला असे सगळे समजतात तेव्हा त्या कविता छापाव्यात म्हणून आपली पुंजी घेऊन प्रकाशकाच्या दारात जाते तीच. वहीदा रेहमान यांची ही हिंदी चित्रपटातली अगदी सुरुवातीची कामगिरी. पण त्यांनी गुलाबोला कुठेही दयेची भीक मागू दिलेली नाही. आणि तिच्या जोडीला डोक्याला तेल लावून चार पैसे मिळवणारा सत्तार. जॉनी वॉकरचा हा मालिशवाला विजयला ओळख देतो, आसरा देतो, आणि त्याचा कुठे उच्चारही करत नाही. गावात रस्ता बांधणाऱ्या लोकांना निदान शर्यत जिंकायची होती. जेलरला निदान प्रयोग सिद्ध करायचा होता. गुलाबोला आणि सत्तारला काहीच सिद्ध करायचे नव्हते.

त्यांच्यासमोर उभा आहे रेहमान यांचा घोष बाबू. कवी मेला असे कळताच त्याच्या कवितांना बाजारात भाव येतो. जिवंतपणी ज्याला ओळख दिली नाही, त्याच्यावर मेल्यावर हक्क सांगायला भाऊ आणि मित्र धावत येतात. मग स्मृतिसभेच्या दारात विजय येऊन उभा राहतो. मागून उजेड, समोर अंधारात बसलेला समुदाय. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी त्या एका चौकटीत जे साधले आहे, त्याला शेजारी कुणी बोट दाखवायला बसवलेले नाही. अर्थ आपल्यावर सोडला आहे. शेवटी सारे त्याचा सत्कार करायला जमतात, तेव्हा तो सांगतो, की मी विजय नव्हेच. जग उशिरा का होईना पत देऊ करते आणि तो ती नाकारतो. गुलाबोने ती आधीच दिलेली असते, आणि ती एवढी पुरेशी असते की दुसऱ्या कुणाची लागत नाही. तो तिला घेऊन निघून जातो.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'नया दौर'ची गाणी साहिर लुधियानवींची आणि 'प्यासा'चीही त्यांचीच. एकाच वर्षी एकाच कवीने गावाला हात पुढे करायला सांगितले आणि शहराच्या बदनाम गल्लीत उभे राहून देशाला जाबही विचारला. काहींना यात विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. ज्याला हिशेब मांडायचा आहे त्याने जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहाव्याच लागतात. दहा वर्षांच्या स्वातंत्र्याचा ताळेबंद त्या एका कवीच्या दोन चित्रपटांत मिळून पुरा होतो. एकच पाहिला तर अर्धाच राहतो.

गुरुदत्तांच्या जन्माला २०२५ साली शंभर वर्षे झाली. १९६४ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले, आणि त्यांच्या चित्रपटांना मोठा भाव आला तो पुष्कळसा त्यानंतर. 'प्यासा'तल्या घोष बाबूला हे आधीच ठाऊक होते, असे म्हणावे लागते. यात आपण रसिकही सुटत नाही. सभा भरवायला आपण नेहमीच तयार असतो. रद्दीच्या दुकानात थांबून एखादे पान वाचायला आपल्याला वेळ नसतो.

हे पाचही चित्रपट आज घरबसल्या पाहता येतात. दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबांना मध्ये बसवून एखादा लावावा. त्यांनी तो कुठल्या थिएटरात, कितीच्या तिकिटात, कुणाबरोबर पाहिला होता, हे ऐकून घ्यावे. त्यात अर्धा चित्रपट आणखी मिळतो. मग आपापली यादी करावी आणि माझी खुशाल उलटीपालटी करावी. कुणी 'मदर इंडिया'ला पाचव्यावरून पहिल्यावर नेईल, कुणी शांतारामबापूंच्या बाजूने मला चांगला खडसावील. माझी हरकत नाही. फक्त एक करावे. यंदाच्या वर्षी आलेल्या चित्रपटांकडेही त्याच नजरेने पाहावे. त्यातला एखादा चार दिवसांत उतरला असेल, जाहिरात नसेल, नावाजलेला नट नसेल, कुणी त्याला पदक दिले नसेल. तो आपल्याला मनापासून आवडला असेल, तर त्याचे नाव आजच, शाई ओली असताना, नव्या वहीच्या पहिल्या पानावर जमेच्या बाजूला लिहून ठेवावे.